आधी भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी बसा

पत्र : ताई, मी एका अनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. नोकरीला सहा वर्षं झाली. संस्थेने यंदा कॉलेजसाठी नवीन ऑफिस सॉफ्टवेअर घ्यायला पैसे मंजूर केलेत आणि प्राचार्यांनी ते काम माझ्यावर सोपवलंय, कारण 'तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं'. एकूण ४२ मशीन आहेत. कुठे ऑफिस २००७, कुठे २०१०, परीक्षा विभागात २०१६. सर म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत सगळं एकदम उरकून टाका. वेंडर म्हणतो, दोन दिवसांत करून देतो. पण आमचे हेडक्लार्क, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, ते ऐकायलाच तयार नाहीत. 'मॅडम, माझ्या मशीनला हात लावू नका. दोन वर्षांनी मी रिटायर होतोय, मग काय ते करा,' असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची. त्यांना कसं समजावू? आणि सुरुवात नेमकी कुठून करू?

उत्तर : नमस्कार. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला ते एकच वाटतात. सुरुवात भाऊसाहेबांपासूनच करायची आहे.

मी बावीस वर्षं एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात काढली आणि हा बदल तीनदा केला. पहिल्यांदा अगदी तुमच्या सरांच्या म्हणण्याप्रमाणेच केला. रविवारी सगळी मशीन बदलली, सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं. जून महिना, प्रवेशाचे दिवस. पहिल्याच मुलाच्या एलसीची (कॉलेज सोडल्याच्या दाखल्याची) प्रिंट काढली तर जन्मतारीख छापील रेघेच्या खाली उतरलेली आणि 'शेरा'मधला मजकूर प्राचार्यांच्या सहीच्या जागेवर. एलसीचे फॉर्म अनुक्रमांक घातलेले असतात, एक बिघडला की तो रद्द करून रजिस्टरला नोंद करावी लागते. त्या सकाळी नऊ फॉर्म रद्द झाले. त्या मुलाची दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घ्यायची शेवटची तारीख होती आणि वडील शेतातलं काम टाकून आले होते. शेवटी आमच्या हेडक्लार्कनी तो दाखला हाताने लिहून दिला. मला ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

तेव्हा कळलं की ते तीन महिन्यांपूर्वीच म्हणाले होते, 'आमची सेटिंग जाईल.' मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, जुन्या माणसाची कुरकुर आहे. त्यांना तांत्रिक शब्द ठाऊक नव्हता, पण धोका अचूक ठाऊक होता. फॉन्ट बदलला की ओळींची उंची बदलते आणि छापील फॉर्मवरचा मजकूर दोन-तीन मिलिमीटर सरकतो. आमची एलसी मंगल फॉन्टमध्ये होती. नव्या विंडोजमध्ये मंगल आपोआप बसत नाही, तो वेगळा घालून घ्यावा लागतो. नाहीतर त्याच्या जागी निर्मला येतो, आणि मजकूर वाचता येत असल्यामुळे पडद्यावर काहीच चुकल्यासारखं वाटत नाही. प्रिंट निघाली की कळतं.

म्हणून भाऊसाहेबांना समजावायला जाऊ नका, विचारायला जा. एक वही घ्या, त्यांच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्यांचा एक अख्खा दिवस बघा. बोनाफाईड कुठल्या फाईलमधून निघतं? एलसी कुठून? पगारपत्रक कोण करतं, कशात करतं? सेवार्थला, म्हणजे पगाराच्या सरकारी प्रणालीत, माहिती भरण्याआधी ते स्वतःच्या कुठल्या शीटवर जुळवून बघतात? विद्यापीठाला जाणाऱ्या पत्राचा मसुदा दरवर्षी कुठल्या जुन्या पत्रावरून उचलतात? शिष्यवृत्तीची यादी, आवक-जावक, सेवापुस्तकांच्या नोंदी, संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, सगळं. प्रत्येक फाईलसमोर चार गोष्टी लिहा : फाईल कुठे आहे, कुठल्या फॉन्टमध्ये आहे, तिच्यात मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) आहे का, आणि ती वर्षातून केव्हा लागते. हा चौथा रकाना सगळे विसरतात. वर्षातून एकदाच लागणारी फाईल मोडली तर ते अकरा महिन्यांनी कळतं, आणि तोवर जुनं मशीन भंगारात गेलेलं असतं.

आता फॉन्टबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी कार्यालयांत खरी गाठ इथेच असते आणि वेंडरच्या कोटेशनमध्ये तिचा उल्लेखही नसतो.

तुमच्याकडे २००७चं ऑफिस अजून चालू आहे म्हणजे भाऊसाहेबांचा बराच मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सुरेखमध्ये असणार. या फॉन्टमधलं मराठी मशीनच्या लेखी मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'विद्यार्थी' हा शब्द फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा. एफ, ओ, एक उभी रेघ, के, मग कॅपिटल एफ, अशी रांग दिसेल. बघणाऱ्याला वाटतं फाईल खराब झाली. फाईल शाबूत असते, तिचा फॉन्ट तिथे नसतो. म्हणून पहिलं काम हे की जुन्या प्रत्येक मशीनच्या फॉन्ट फोल्डरची एक प्रत काढून ठेवायची. कितीही मामुली वाटलं तरी हे काम सेटअपच्या आधी करा. फॉन्टची फाईल जपली असेल तर ते जुने मजकूर नव्या वर्डमध्येही उघडतात आणि छापता येतात.

टाईप करणं ही मात्र वेगळी गोष्ट. त्या काळातली काही टायपिंग सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालत नाहीत. काहींना मशीनमागे डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावावं लागायचं, आणि ते लावायचं पोर्टच नव्या मशीनला नसतं. भाऊसाहेबांच्या मनातली भीती बहुधा हीच आहे. ते टाईपरायटरवर परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या पिढीतले असतील तर त्यांची बोटं रेमिंग्टन कळफलकावर बसलेली आहेत. तीस वर्षं ज्या हाताने मिनिटाला तीस-चाळीस शब्द काढले, त्या हाताला निवृत्तीच्या तोंडावर एक-एक अक्षर शोधायला लावणं यात केवढा अपमान आहे, हे आपल्याला चटकन कळत नाही. त्यांना आधी हे दाखवा की युनिकोडमध्येही, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या आताच्या पद्धतीतही, रेमिंग्टन पद्धतीने टाईप करता येतं. त्यासाठी वेगळं साधन टाकावं लागतं, ते तुम्ही टाकून द्या. नव्या मुलांना इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक शिकवा किंवा विंडोजमध्ये आता असलेला, उच्चाराप्रमाणे टाईप करायचा मराठी फोनेटिक द्या. एका ऑफिसात तीन जण तीन पद्धतींनी टाईप करत असले तरी बिघडत नाही. आत साठवलं जाणारं युनिकोड सारखंच असतं.

आणि युनिकोडचा फायदा त्यांच्याच कामात दाखवा, भाषणात नको. जुन्या फॉन्टमधल्या यादीत 'कुलकर्णी' शोधा म्हटलं तर सापडत नाही, नावं अकारविल्हे लागत नाहीत, दोन याद्या एकमेकींशी जुळवता येत नाहीत. युनिकोडमधली जनरल रजिस्टरची (विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदींची) यादी उघडून त्यांना म्हणा, 'भाऊसाहेब, २००४ सालचा कुठलाही विद्यार्थी सांगा.' ज्या नोंदीसाठी ते दर आठवड्याला शिडी लावून माळ्यावरचं रजिस्टर काढतात, ती समोर येते.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात, पण आंधळा विश्वास टाकू नका. पुन्हा 'विद्यार्थी' हाच शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार शेवटी. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि रफाराचा 'र' आधी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते, आणि नेमकी तिथेच चूक राहते. आडनावांत तर फार. 'बिराजदार'ची वेलांटी भलत्या अक्षरावर गेली तर मुलाच्या दाखल्यावर चुकीचं नाव छापलं जातं आणि पुढे पासपोर्टपर्यंत त्याला ते निस्तरावं लागतं. त्यामुळे सगळं काही बदलून घेऊ नका. जे पुन्हा वापरायचंय तेवढंच बदला : नमुने, चालू याद्या, जनरल रजिस्टर. बदललेली प्रत्येक यादी दोघांनी मिळून वाचायची, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून. बाकी जुनी पत्रं पीडीएफ करून ठेवून द्या.

घोळाची दुसरी जागा एक्सेलची. तुमच्या विद्यापीठाचा पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) १६ आकडी असेल तर हा परिच्छेद परीक्षा विभागात वाचून दाखवा. एक्सेल कुठल्याही संख्येचे फक्त १५ आकडे लक्षात ठेवतं, सोळाव्या जागी शून्य घालतं. विद्यापीठाच्या पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाईल नुसती डबल क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली की शेवटचा आकडा कायमचा गेला. पीआरएन ओळीने दिलेले असतील तर १२० मुलांच्या यादीत दहा-दहा मुलांचा क्रमांक एकच होतो, आणि व्हीलूकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) लावलं तर त्या दहाही जणांसमोर पहिल्याचेच गुण येतात. हे नव्या सॉफ्टवेअरचं पाप नाही, जुन्यातही असंच होतं. पण स्थलांतराच्या दिवसांत शेकडो फाईली उघडल्या-सेव्ह केल्या जातात आणि मग एकदम घोळ होतो. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच माहिती आत घ्यायची. सोळा आकडी बँक खाते क्रमांकालाही हाच नियम. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय आहे, तीही परीक्षा विभागाच्या मशीनवर लावून टाका.

पगारपत्रकाच्या शीटमध्ये मॅक्रो असेल, आणि बहुतेक ठिकाणी असतोच, तर तो कुणी लिहिला ते विचारा. नवं ऑफिस ६४ बिटचं असेल तर काही जुने मॅक्रो दुरुस्त केल्याशिवाय चालत नाहीत. शिवाय ईमेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाईलीतले मॅक्रो २०२२ पासून आपोआप अडवले जातात, वर लाल पट्टी येते. ती बघून कुणीतरी घाबरून फाईलच डिलीट करतं. हे आधी सांगून ठेवा. ॲक्सेसमध्ये एखादा जुना डेटाबेस सापडला तर तो ॲक्सेस ९७च्या काळातला आहे का ते बघा. २०१३ पासूनचं ॲक्सेस तो उघडत नाही. तुमच्या २००७ किंवा २०१०च्या मशीनवर आत्ताच तो नव्या स्वरूपात बदलून घ्या. नंतर तसं मशीन शोधत फिरावं लागतं.

गणित आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना स्वतंत्र भेटा. जुन्या वर्डमधला इक्वेशन एडिटर ३.० मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यात केलेली समीकरणं नव्या वर्डमध्ये दिसतात, पण जुन्या रूपात असेपर्यंत त्यांतला एक आकडाही बदलता येत नाही. आमच्या गणिताच्या मॅडमना हे प्रश्नपत्रिका द्यायच्या आदल्या रात्री कळलं. चौदा इंटिग्रल त्यांनी पुन्हा लिहून काढली. तुमच्याकडच्यांना हे आज कळू द्या. आणि प्रमाणपत्रं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका मायक्रोसॉफ्टच्या पब्लिशरमध्ये असतील तर तेही हलवायला घ्या. ऑफिस २०२४ मध्ये पब्लिशर नाही, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधाराची (अपडेट आणि मदतीची) मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठेवली आहे.

आता दिवाळीचं. प्राचार्यांना मी स्पष्ट 'नको' म्हणेन, आणि तुम्हीही कारणांसह म्हणा. सुट्टीत मशीन मोकळी असतात हे खरं, पण विचारायला माणसंही नसतात. शिवाय सत्राच्या परीक्षा दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे चालू असतात. माझ्या अनुभवात जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यांत बरा. पहिल्या सत्राचा धबडगा ओसरलेला असतो, ३१ मार्चची धावपळ सुरू व्हायची असते, प्रवेश लांब असतात. सगळी ४२ मशीन एकदम तर अजिबात नको. आधी ग्रंथालय, मग तुमचा स्वतःचा विभाग, म्हणजे चटके तुम्हाला बसतील. मग ऑफिसमधलं एक टेबल, मग लेखा विभाग, आणि परीक्षा विभाग सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर दोन आठवडे थांबायचं.

वेंडरला 'दोन दिवस' कशाचे ते विचारा. सेटअप चालवायला दोन दिवस पुरतील. पण ज्या मशीनवर २००७ आहे तिथे विंडोज ७ असण्याची शक्यता दाट, आणि आताच्या ऑफिसला किमान विंडोज १० लागतं. विंडोज १०चाही मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९चाही. म्हणजे तुमच्या परीक्षा विभागाचं २०१६ही सुरक्षित राहिलेलं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, जो जुन्या मशीनमध्ये नसतो. हा खर्च मंजूर रकमेत धरलाय का, हे आजच बघा.

काय घ्यायचं यावर मी फार लिहीत नाही. शिक्षणसंस्थांना मायक्रोसॉफ्ट ३६५ ए१ विनामूल्य मिळतं, पण ते ब्राउझरमध्ये चालतं. मशीनवर बसणारं वर्ड-एक्सेल हवं तर पैसे मोजावे लागतात. लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे, मराठी इंटरफेसही देतं, आणि माझं प्रामाणिक मत असं की विद्यार्थ्यांच्या लॅबला आणि बऱ्याच विभागांना ते पुरेसं आहे. मॅक्रो असलेली पगारपत्रकं आणि विद्यापीठाचे ठरावीक नमुने जिथे हाताळायचे, तिथे मायक्रोसॉफ्टचंच ठेवा. चारपाचशे रुपयांत 'लाइफटाइम की' देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. लेखापरीक्षणात बिल दाखवायची वेळ भाऊसाहेबांवर येते, त्या माणसावर नाही. आणि क्लाउड घेतलंत तर खाती कॉलेजच्या नावाने काढा. एका ओळखीच्या कॉलेजात प्रवेशाची सगळी माहिती कंत्राटी ऑपरेटरच्या खासगी जीमेलवर होती. तो नोकरी सोडून गेला, फोन उचलेना, आणि गुणवत्ता यादीच्या दिवशी सगळे हात चोळत बसले.

बॅकअप दोन ठिकाणी घ्या, त्यांतलं एक कॉलेजच्या इमारतीबाहेर, प्राचार्यांच्या ताब्यात. प्रश्नपत्रिकांचं फोल्डर वेंडरच्या पेनड्राइव्हवर क्षणभरही जाता कामा नये. त्या मशीनचं काम चालू असताना परीक्षाप्रमुख शेजारी बसलेले हवेत. बॅकअप घेतल्यावर त्यातल्या पाच फाईली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आणि एक जुनं मशीन, जुन्या विंडोज-ऑफिससकट, नेटवर्कची वायर काढून वर्षभर तसंच ठेवा. भाऊसाहेबांचंच ठेवा. त्यांना सांगा की तुमचं मशीन कुठेही जात नाहीये, नवं त्याच्या शेजारी येतंय. माझ्या तिसऱ्या खेपेला या एका गोष्टीने सगळा विरोध मावळला. जुन्या मशीनची पुढे गरज फक्त चार वेळा लागली, पण ते तिथे आहे म्हणून माणसं निवांत होती.

एलसीची चाचणी कशी करायची तेही सांगते. नव्या मशीनवरून कोऱ्या कागदावर प्रिंट काढा. ती छापील फॉर्मवर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरा. उजेडात रेघा आणि मजकूर दोन्ही दिसतात, कुठे किती सरकलंय ते पट्टीने मोजता येतं. हे भाऊसाहेबांच्या हातून करा. मजकूर बरोबर बसला की नाही, यावर शेवटचा शब्द त्यांचा. तसं प्राचार्यांकडून लेखी घ्या : 'कार्यालयीन नमुने हेडक्लार्क यांनी तपासल्यानंतरच नवीन प्रणाली वापरात आणावी.' सगळ्यांसमोर त्यांनी तुम्हाला नकार दिला, तर सगळ्यांसमोर हा अधिकार त्यांना मिळू दे. शेजारी एक कनिष्ठ लिपिक बसवा. दोन वर्षांनी भाऊसाहेब गेले की त्यांच्या डोक्यातलं जे काही त्या वहीत उतरलं नसेल, ते कॉलेजला पुन्हा मिळणार नाही.

पहिल्यांदा बोलायला सकाळी जाऊ नका, फीच्या खिडकीवर रांग असते. तीननंतर जा, चहाच्या वेळेला. लॅपटॉप नेऊ नका, वही न्या. आणि बसल्याबसल्या त्यांच्या एलसीच्या फाईलचा फॉन्ट कुठला आहे ते पाहून मला कळवा. श्रीलिपी असेल तर एक सांगेन, कृतिदेव असेल तर दुसरं.